वक्त्याकडे पाठ करून

एका नदीकाठच्या गावी एकदा एक वृद्ध आचार्य राहत असत. सभेत कसे बोलावे, ही विद्या ते तरुणांना शिकवीत. त्यांच्याकडून शिकून गेलेले कोणी दरबारात दुसऱ्यांची गाऱ्हाणी मांडत, कोणी पंचांपुढे निर्धास्तपणे उभे राहत, कोणी देवळातून कथा सांगत. आचार्य स्वतः मात्र फार थोडे बोलत. नव्या शिष्यांना याचे नवल वाटे, जुन्यांना सवय झालेली असे.

त्यांच्या शिष्यांत श्रीकर हा सर्वांत जुना. पुरोहिताच्या घरचा मुलगा. नऊ वर्षे तो तिथे शिकत होता. रोज सकाळी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तो श्लोक म्हणे, तेव्हा त्याचा शब्द न शब्द पैलतीरावर कपडे धुणाऱ्यांना ऐकू जाई. उच्चार स्वच्छ, स्मरण अचाट, हातवारे मोजके. देवळाच्या सभामंडपात तो बोलून खाली बसला की जाणती माणसे माना डोलावत आणि म्हणत, "काय वाणी आहे, ऐकतच राहावं."

तीन वर्षांपूर्वी तिथे केरोबा आला. तो धनगराचा मुलगा. मेंढरांमागे हिंडून त्याचे पाय फाटलेले होते आणि 'श' व 'ष' यांतला फरक त्याच्या जिभेला कधी जमला नाही. बोलताना वाक्याच्या मध्येच तो थांबे. हवा तो शब्द सापडेपर्यंत समोर पाहत राही आणि मग अगदी साधाच एखादा शब्द उच्चारी. पण तो थांबला की लोक पुढे सरकत.

हे पुढे सरकणे श्रीकरने पहिल्यांदा पाहिले, त्या दिवसापासून त्याच्या मनाची शांती गेली.

पुढे एक गोष्ट घडली. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई आचार्यांच्या दाराशी आली आणि केरोबाची चौकशी करू लागली. केरोबा समोर येताच ती म्हणाली, "बहिणीशी बारा वर्षं बोलले नव्हते. काल तुमचं ऐकलं आणि तशीच तिच्या घरी गेले. एवढंच सांगायला आले." ती आली तशी निघून गेली. श्रीकर ओसरीवर पोथी उघडून बसला होता. त्याने मान वर केली नाही, परंतु त्या पानावरची एकही ओळ त्याला त्या दिवशी वाचता आली नाही. नऊ वर्षांत त्याचे कौतुक पुष्कळ झाले होते. दुसऱ्या दिवशी मात्र त्याला शोधत कोणीही आले नव्हते.

मत्सर माणसाला आळशी करतो असे कोणी म्हणत असेल तर त्याने श्रीकरला पाहायला हवे होते. केरोबा बोलायला उभा राहिला की श्रीकर खांबाआड बसून त्याच्या चुका टिपून घेई. एका भाषणात त्याला व्याकरणाच्या अकरा चुका सापडल्या. त्या त्याने आचार्यांना अत्यंत काळजीच्या सुरात सांगितल्या. "आपल्या नावाला बट्टा लागू नये, एवढ्याचसाठी बोलतो, गुरुजी." आचार्यांनी ऐकून घेतले आणि ते पुन्हा सूत कातू लागले. कधी केरोबाला सर्दी झाली, आवाज घोगरा झाला, की श्रीकरला आतून बरे वाटे. बरे वाटल्याची लाज वाटे. मग ती लाज केरोबामुळेच वाटली म्हणून त्याचा राग आणखी वाढे.

एकदा त्याने ते मध्येच थांबणेही करून पाहिले. भर सभेत एका सुंदर वाक्याच्या ऐन मध्यावर तो थांबला आणि केरोबासारखे समोर पाहू लागला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याला वाटले, हा विसरला. त्याने मोठ्या मायेने पुढचा शब्द सुचवला. मंडपात खसखस पिकली. मागच्या बाजूला केरोबा बसला होता. तो हसला नाही, आणि श्रीकरला तेच सर्वांत जास्त लागले.

अशातच एके दिवशी पैलतीरावरच्या गावातून पाटलांचा माणूस आला. आचार्य बाहेरगावी गेले होते. केरोबा मागे गोठ्यात होता. दाराशी श्रीकरच भेटला.

"गावात जुलाब-वांत्यांची साथ आहे," तो माणूस म्हणाला. "घरटी एक माणूस अंथरुणावर आहे. वैद्य म्हणतात, बारवेचं पाणी नासलंय. वरच्या ओढ्यात जनावर सडलं, ते झिरपून आत आलंय. नदीचं पाणी आणा, उकळून प्या, असं ते रोज सांगतात. पण ती पायऱ्यांची विहीर देवीची. तिचं पाणी नासलं हे कोणी ऐकूनच घेत नाही. मागं आमच्या जत्रेत केरोबा बोलले होते. पाटील म्हणाले, त्यांना घेऊन ये. लोक त्यांचं ऐकतील."

लोक त्यांचं ऐकतील. हे तीन शब्द श्रीकरच्या कानात तापलेल्या तेलासारखे उतरले.

"केरोबाचा घसा बसला आहे," तो म्हणाला. "त्याला चार दिवस बोलता येणार नाही. चला, मी येतो."

गोठ्यातून केरोबाचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. तो गाईशी काहीतरी बोलत होता. तो आवाज ऐकू जाऊ नये म्हणून श्रीकर पाटलांच्या माणसाला घाईघाईने घाटाकडे घेऊन गेला.

त्या दिवशी श्रीकर जन्मात बोलला नव्हता इतके सुरेख बोलला. बारवेच्या काठावर सारा गाव जमला होता. जल हे जीवन कसे, जलाची शुद्धी म्हणजेच देहाची शुद्धी कशी, याविषयी त्याने सात श्लोक म्हटले, तीन दृष्टांत दिले आणि शेवटी दूषित जलाचा त्याग करण्याचे आवाहन अशा चढत्या स्वरात केले की झाडावरचे पक्षी उडाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाटलांनी नारळ आणि उपरणे दिले. एक म्हातारा म्हणाला, "शास्त्रीबुवा, कान धन्य झाले."

सभा संपली. लोक उठले. बाया घागरी घेऊन आल्याच होत्या. परत जाता जाता त्या बारवेच्या पायऱ्या उतरल्या. "किती गोड बोलतात नाही?" असे एकीने दुसरीला म्हटले आणि घागर त्या पाण्यात बुडवली.

श्रीकरने ते पाहिले. पाटलांनीही पाहिले. नावेत बसल्यावर श्रीकरने मनाची समजूत घातली की, सवय एका दिवसात सुटत नाही, उद्यापासून हे लोक पाळतील. मग त्याच्या मनात दुसरा विचार आला, आणि त्या विचाराने त्याला पुष्कळ समाधान वाटले: इथे केरोबालाही जमले नसते.

चौथ्या दिवशी पाटलांचा माणूस पुन्हा आला. आचार्य परतले होते आणि दोघेही शिष्य अंगणात होते. तो सरळ केरोबाकडे गेला.

"घसा बरा झाला का तुमचा?"

"माझ्या घशाला काय झालं होतं?" केरोबाने विचारले.

केरोबाने सावकाश श्रीकरकडे पाहिले. मग तो पाटलांच्या माणसाला म्हणाला, "गावाकडे काय आहे, ते सांगा."

"आणखी सात जण पडले. राघोजी विणकर काल गेला."

श्रीकर होता तिथेच खाली बसला. आता गुरुजी आपल्याला हाकलून देतील, याची त्याला खात्री वाटली. किंबहुना त्यांनी तसे करावे, असेच त्याला वाटू लागले.

आचार्य त्याच्याजवळ आले. "ऊठ," ते म्हणाले. "केरोबा आता तिकडे जाईल. तूही जा. तो बोलायला उभा राहील तेव्हा त्याच्या पायाशी, पारावरच बस. पाठ त्याच्याकडे, तोंड लोकांकडे. तो बोलत असेपर्यंत एकदाही मागे वळून पाहायचं नाही. संध्याकाळी येऊन मला सांग."

"काय सांगू, गुरुजी?"

"जे दिसेल ते."

केरोबालाही या आज्ञेचा अर्थ कळला नाही. श्रीकरला मात्र तो कळल्यासारखा वाटला. ही शिक्षा होती. ज्या लोकांनी परवा नारळ दिला, त्यांच्यापुढे आता चोरासारखे तोंड दाखवत बसायचे होते, तेही केरोबाच्या पायाशी.

नावेत दोघे समोरासमोर बसले. श्रीकरला वाटले, आता हा काहीतरी बोलेल. एक कठोर शब्द जरी तो बोलला असता, तरी श्रीकरचे ओझे हलके झाले असते. निम्मे पात्र ओलांडल्यावर केरोबा म्हणाला, "दादा, ऊन फार आहे. उपरणं डोक्यावर घ्या."

श्रीकरने उपरणे डोक्यावर घेतले. त्या क्षणी केरोबाचा त्याला जितका मत्सर वाटला, तितका आधी कधीच वाटला नव्हता.

बारवेजवळच्या पारावर तो सांगितल्याप्रमाणे बसला. समोर तीच माणसे होती. तरीही त्यांच्यातला एकही चेहरा श्रीकरला ओळखीचा वाटेना. चार दिवसांपूर्वी तो याच माणसांसमोर दोन घटका बोलला होता.

मागे केरोबा उभा राहिला. श्रीकरने सवयीने कान त्याच्या चुकांकडे लावले, डोळे मात्र लोकांवर ठेवणे भाग होते. मग त्याने एक गोष्ट मनाशी ठरवली. यांच्या चेहऱ्यांवर केरोबाविषयी किती कौतुक उमटते, ते तरी मोजू. तो एकेक चेहरा न्याहाळू लागला.

कौतुक कोणाच्याच चेहऱ्यावर नव्हते.

एक तरुण आपल्या पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. एका बाईने वैद्यांचे नाव निघताच ओठ घट्ट मिटले. देवीचा उल्लेख झाला तेव्हा तीन म्हाताऱ्यांनी एकाच वेळी मान ताठ केली, घरात कोणी पाहुण्याने वडिलांना नावे ठेवावीत तशी. श्रीकरला आठवले, आपण याच ठिकाणी 'दूषित' हा शब्द पाचदा उच्चारला होता. प्रत्येक वेळी या माना अशाच ताठ झाल्या असतील. आपण त्या पाहिल्याच नव्हत्या.

मागचा आवाज थांबला. त्या तीन माना केरोबानेही पाहिल्या असाव्यात.

"नदी इथून किती लांब?" केरोबाने विचारले.

"अर्धा कोस," कोणीतरी म्हणाले.

"पाणी कोण आणतं?"

बायांच्या बाजूला एक हालचाल झाली आणि श्रीकरने ती पाहिली. एकीने दुसरीच्या दंडाला हात लावला. सगळ्या बाया प्रथमच वर पाहू लागल्या होत्या. चढ, ऊन, डोक्यावर दोन घागरी, घरी अंथरुणाला खिळलेली माणसे. यांना बारवेचे पाणी सोडा म्हणताना हा अर्धा कोस आपल्या भाषणात कुठे होता, असा प्रश्न श्रीकरच्या मनात आला.

केरोबा म्हणाला, "तुमची आई आजारी पडली तर तुम्ही तिला पाणी भरायला लावता का? ही देवी तुमची आई. तिच्या अंगात विष गेलंय. तिची चूक नाही. तिला... तिला महिनाभर पडू द्या. तोवर आपण तिचं काम करू. बायांनी पुष्कळ केलं. आता कावडी बाप्यांनी घ्याव्यात."

त्या तीन माना हळूहळू सैल झाल्या. त्यांतला एक म्हातारा उठला आणि गुडघ्यांवर हात टेकत म्हणाला, "माझ्या घरी कावड आहे. खांदा नाही. कोण येतो?" माती उकरणारा तरुण उठला. मग आणखी दोघे उठले. कोणी टाळी वाजवली नाही. लोक आपापसांत बोलत पांगले. काही जण बारवेचे तोंड बंद करायला बाभळीच्या फांद्या आणायला गेले. बाकीच्यांनी केरोबाभोवती कोंडाळे केले.

श्रीकर मात्र अजून लोकांकडेच पाहत होता, म्हणून त्यालाच ते दिसले. एक वृद्ध स्त्री त्या गर्दीतून अलगद बाजूला झाली आणि कळशी घेऊन बारवेच्या मागच्या पायऱ्यांकडे गेली. सगळ्या सभेत तिचा चेहरा एकदाही बदलला नव्हता.

तो तिच्यामागे गेला. ती पाण्यापर्यंत पोहोचली होती आणि कळशी भरली होती.

"आजी, हे पाणी नेऊ नका."

तिने त्याच्याकडे पाहिले. "तूच ना तो परवाचा? फार छान बोललास. राघोजी घरी येऊन सारखा तुझे श्लोक आठवत होता. तेच म्हणत पाणी प्याला. मी ठकू. त्याची बायको. आता घरात सून पडलीय. ती देवीचं तीर्थ मागतेय. तिला ते देणार नाही तर काय देऊ?"

श्रीकरला दहा उत्तरे पाठ होती. दुःखितांचे सांत्वन कसे करावे, यावर तो एक प्रहर बोलू शकला असता. त्याने तिच्या हातांकडे पाहिले. जन्मभर माग चालवून बोटे वाकलेली होती.

"आजी, त्या दिवशी तुम्ही केरोबाला बोलावलं होतं," तो म्हणाला. "मी सांगितलं, त्याचा घसा बसलाय. त्याला काहीच झालं नव्हतं. त्याचं नाव होऊ नये म्हणून मी आलो. तुम्ही पाणी सोडावं म्हणून मी बोललोच नाही. मी त्याच्यापेक्षा चांगला बोलतो, हे दाखवायला बोललो. तो आला असता तर राघोजीबाबा कदाचित..." पुढचा शब्द त्याला सापडला नाही. तो शोधत राहिला. "हे पाणी सुनेला देऊ नका. मी नदीवरून आणून देतो. आत्ता आणतो."

ठकूबाईने कळशी पायरीवर आडवी केली. पाणी पायऱ्यापायऱ्यांवरून खाली ओघळले.

"हे तू परवा सांगायला हवं होतंस," ती म्हणाली, आणि कळशी त्याच्या हातात देऊन वर निघून गेली.

दिवस मावळण्याआधी दोघे शिष्य परतले. आचार्य ओसरीवर बसले होते. त्यांनी श्रीकरला जवळ बोलावले.

"केरोबा कसा बोलला? किती चुका झाल्या?"

श्रीकरने आठवून पाहिले. "मला सांगता येणार नाही, गुरुजी." स्वतःच्या उत्तराचे त्यालाच आश्चर्य वाटले. मग त्याने मातीत अंगठा रुतवणाऱ्या तरुणाविषयी सांगितले, त्या तीन मानांविषयी, दंडावर ठेवलेल्या हाताविषयी सांगितले. ठकूबाईविषयीही सांगितले. तिला तीन खेपा पाणी आणून दिल्याचे त्याने सांगितले नाही. ते केरोबाने सांगितले.

आचार्य म्हणाले, "तीन वर्षं तुझे डोळे एकाच माणसावर आहेत. तो बोलत असताना तू त्याच्याकडे पाहायचास, आणि तू बोलत असतानाही मनातून त्याच्याकडेच पाहायचास. समोर बसलेली माणसं तुला फक्त पंच म्हणून हवी होती, तुमच्या दोघांत कोण थोर ते ठरवायला. माणसांना पंच म्हणून बसवलं की ती निकाल देतात आणि उठून जातात. त्या दिवशीच्या टाळ्या हा तुझ्या बाजूने लागलेला निकाल होता. पाणी कुठलं प्यायचं, हा प्रश्न तू त्यांच्यापुढे ठेवलाच नव्हतास. मत्सरी माणसाइतकं बारकाईने कोणी पाहत नाही, श्रीकर. तुझी ती नजर मोडून टाकावी असं मला वाटलं नाही. मी फक्त तुझी मान वळवली."

श्रीकर मान खाली घालून उभा राहिला. "आणि राघोजी विणकर?"

"तो तुझ्याजवळच राहील. त्यावर माझ्याकडे उतारा नाही."

आचार्यांनी विचारले, "मत्सर गेला का?"

"नाही, गुरुजी. निघताना लोक केरोबाला पोहोचवायला घाटापर्यंत आले, तेव्हा पुन्हा टोचलं." त्याने अंगणात हातपाय धूत असलेल्या केरोबाकडे पाहिले. "पण तेवढ्यात माझं लक्ष त्या पोहोचवायला आलेल्यांकडे गेलं. त्यांतल्या एकाच्या खांद्याला कावडीने सूज आली होती. त्याला उद्या विश्रांती हवी. उद्यापासून महिनाभर तिकडे जायला मला परवानगी द्या."

"तिथे काय करशील?"

"पाणी वाहीन."

"आणि बोलशील?"

"कोणी काही विचारलं, तर," तो म्हणाला.

आचार्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी नदीच्या पाण्यात उभे राहून कोणी श्लोक म्हटले नाहीत. पहिली नाव सुटली तेव्हा श्रीकर तिच्यात होता आणि नावाड्याला विचारत होता की, पैलतीरावर त्याच्या घरची माणसे कशी आहेत.